पितळेच्या भोकाला उंची कळत नाही

कामण गावाच्या पाठीशी कामणदुर्ग किल्ला उभा आहे. गाव जवळपास समुद्रसपाटीला, माथा साधारण साडेसहाशे मीटरांवर. पाऱ्याची नळी घेऊन कुणी चढलं, तर पारा साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास उतरलेला दिसेल. १६४८ साली शास्त्रज्ञ पास्कालच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्युई द दोम डोंगरावर हाच प्रयोग केला होता. पारा उतरतो, कारण उंचीबरोबर हवा विरळ होत जाते. ही विरळ हवा बाइकच्या कार्ब्युरेटरलाही जाणवते, आणि ती कशी, हे समजून घेण्यात फार मजा आहे.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर ओढलं जातं. पंप नाही, वीज नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ते माप जेट म्हणजे पितळेचं एक बारीक भोक सांभाळतं!

उंचावर इंजिन दर फेरीला तेवढीच जागा भरून हवा घेतं, पण तिचं वजन कमी भरतं. विरळ हवा गळ्यातला दाबाचा फरकही कमी पाडते, म्हणून पेट्रोलही घटतं. दोन्ही सारखीच घटली असती, तर जेटला हात लावायची गरजच नव्हती. पण पेट्रोलचा प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाने बदलतो. समुद्रसपाटीला दोन्ही १०० धरली, तर लडाखमधल्या ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत हवा ५८ वर येते, पेट्रोल मात्र ७६ वरच थांबतं. मिश्रणात पेट्रोल तीस टक्क्यांनी जास्त! प्लग काळा पडतो, पिकअप जातो, गाडी मिसिंग मारते. कामणदुर्गाच्या उंचीला हाच फरक जेमतेम तीन टक्के, महाबळेश्वरला सातच्या आसपास. म्हणून आपले घाट कार्ब्युरेटरला हात न लावताही पार होतात. शाळेत रुक्ष वाटलेलं वर्गमूळ इथे प्लगवर काजळी धरतं, याचं मला अजून नवल वाटतं.

लडाखला मात्र पेट्रोल आवळावं लागतं. मेन जेट लहान नंबरचा घालायचा. पेट्रोलच्या वाटेतल्या नीडलची (सुईची) क्लिप वरच्या खाचेत बसवायची, म्हणजे नीडल खाली बसून ती वाट आवळते. आयडलिंगचा स्क्रू आधी नीट बघावा: एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, थोडा बाहेर काढायचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घ्यायचा. इथेच बऱ्याच जणांचं उलटं होतं. इतकं करूनही गेलेली ताकद पूर्ण परतत नाही, कारण ऑक्सिजनच कमी आहे.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक नव्या बाइकमध्ये सेन्सरने मोजलेल्या दाबावरून पेट्रोल ठरतं. कार्ब्युरेटरवाल्याने मात्र चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्यावी. लहान जेटवर खाली आलात, तर दाट हवेला पेट्रोल अपुरं पडतं, इंजिन तापतं, पिस्टन भाजू शकतो. काळा प्लग पुसता येतो, भाजलेला पिस्टन बदलावाच लागतो. काढलेला मोठा जेट कागदात गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवावा, आणि मैदान लागण्याआधी, वाटेतच, परत बसवावा.