मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : माहितीपुस्तिका कोणी लिहावी?

वाराणसीच्या रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५ मध्ये १९ वर्षांच्या एका महाराष्ट्रीय तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. जटा, घन, दंड यांसारख्या पाठपद्धतींत तीच पदे उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटली जातात. त्यामुळे एखादे अक्षर गळले, तर चूक तेथेच उघड होते. हा पाठ कोणा एकाच्या मालकीचा नाही, तरीही तो टिकला. कारण शिकणारा विद्यार्थी, तपासणारा गुरू आणि दोघांच्या निर्वाहाची काळजी घेणारी पाठशाळा अशी व्यवस्था त्यामागे होती. तेथे अध्ययनाचा अधिकार मर्यादित होता. जे ज्ञान सर्वांनाच खुले आहे, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हे असेच सर्वांना खुले असलेले ज्ञान होय. त्याची मूळ आज्ञावली कोणीही पाहू, वापरू व बदलू शकतो. परंतु ते कसे वापरावे हे सांगणारी माहितीपुस्तिका नसेल, तर हे स्वातंत्र्य मोजक्या तज्ज्ञांपुरतेच उरते. गिटहब या संस्थेच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के प्रतिसादकांनी अपुरी वा कालबाह्य माहिती ही व्यापक अडचण असल्याचे सांगितले. तरीही ६० टक्के योगदानकर्ते या लेखनात क्वचितच भाग घेतात किंवा मुळीच घेत नाहीत.

याचे कारण अर्थशास्त्राला परिचित आहे. माहितीपुस्तिका ही सार्वजनिक वस्तू आहे : लाभ सर्वांना, श्रम एखाद्याचे. नवी सुविधा निर्माण करणाऱ्याला नाव मिळते. जुन्या पानातील चूक सुधारणाऱ्याची दखल सहसा घेतली जात नाही. लिनक्स प्रणालीच्या मार्गदर्शक पानांचा अनुभव बोलका आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या या पानांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने सप्टेंबर २०२४ मध्ये विनामोबदला काम पुढे चालू ठेवणे अशक्य असल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही संस्था व कंपन्यांनी अर्थसाहाय्य दिल्यावर ते काम पुन्हा सुरू झाले.

मग हे लेखन कोणी करावे? ज्याने आज्ञावली रचली त्याला ती पूर्ण ठाऊक असते. पण नवशिक्या कोठे अडखळेल, हे त्याच्या ध्यानात येत नाही. नवशिक्याला अडचण कळते, मात्र उत्तर अचूक आहे की नाही हे ठरवता येत नाही. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने या दोघांची सांगड घातली. केंद्र सरकारच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या पाठाची संहिता आधी लिहिली जाते. विषयतज्ज्ञ ती तपासतो आणि नवशिक्याकडूनही ती पडताळून घेतली जाते. त्यानंतर ध्वनिमुद्रण होते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतर केले जाते. हे काम करणाऱ्यांना मानधन देण्याची पद्धत आहे. पाठाच्या आरंभी सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली हे सांगितले जाते, त्यामुळे पाठ कधी जुना झाला तेही समजते.

लेखनापेक्षा देखभाल अधिक कठीण असते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मूळ पाठाबरोबर त्याची प्रत्येक भाषांतरित प्रतही बदलावी लागते. चुकीची माहिती पुष्कळदा माहिती नसण्याहून घातक ठरते, कारण तालुक्याच्या गावातील विद्यार्थी तिच्यावर विश्वास ठेवतो आणि अपयशाचा दोष स्वतःला देतो.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. यामुळे परवाना शुल्कात होणाऱ्या बचतीचा काही भाग भारतीय भाषांतील माहितीपुस्तिकांच्या नियमित देखभालीसाठी राखून ठेवणे उचित ठरेल. नवशिक्याने प्रश्न नोंदवावा, जाणकाराने उत्तर तपासावे आणि लाभ घेणाऱ्या संस्थेने दोघांच्या श्रमाचे मोल द्यावे, अशी ही विभागणी आहे. तिच्यातील एक दुवा जरी निखळला, तरी सर्वांसाठी खुले असलेले ज्ञान व्यवहारात थोड्यांच्याच हाती राहील.