आधी वाढ, मग लहान हो!

बोन्साय म्हणजे बुटक्या जातीचं झाड, असंच तुम्हाला वाटतं ना? मग ऐका. त्या चपट्या कुंडीतलं झाड उचलून मोकळ्या जमिनीत लावलं, तर ते पुन्हा ताडमाड वाढायला लागेल. बुटकेपणा त्याच्या बीमध्ये नसतोच मुळी. तो असतो माळ्याच्या कात्रीत!

जपानमध्ये ताकामात्सु नावाचं शहर आहे. तिथल्या किनाशी भागात पाइनच्या बोन्सायची चक्क शेती चालते. शेतात ओळीनं लावलेली, तारा गुंडाळलेली वाकडीतिकडी झाडं!

काळ्या पाइनचं बी उगवून काही आठवडे झाले, की काही माळी धारदार पात्यानं त्या इवल्या रोपाचं मूळच उडवतात. अरे बाप रे, मग ते जगतं कसं? उरलेला देठ मातीत खोचला, की कापल्या जागी चहूबाजूंनी नवी मुळं फुटतात. सोटमूळ एकटंच खोल पळतं. बोन्सायची कुंडी मात्र बशीसारखी उथळ. तिला आडवी पसरणारी मुळंच हवीत.

रोप लवचीक आहे तोवर त्याच्या खोडाला ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची तार तिरकी गुंडाळतात आणि हलक्या हातानं वळण देतात. सालीखाली दर वर्षी लाकडाचा नवा थर बसतो. तो वाकलेल्या स्थितीतच बसला, की तार काढल्यावरही वळण कायम राहतं. तार काढायला उशीर झाला, तर ती सालीत रुतते आणि तिचे वण बरीच वर्षं दिसतात.

आता खरी गंमत. यानंतर झाडाला लहान ठेवत नाहीत, भरपूर वाढू देतात! कारण बोन्सायचा सगळा रुबाब जाड खोडात. ते जाड व्हायचं तर लाकूड हवं, लाकडासाठी अन्न हवं आणि अन्न बनवायला पुष्कळ पानं हवीत. म्हणून खालची एखादी फांदी वर्षानुवर्षं मोकाट सोडतात. खोड पुरेसं जाडजूड झालं, की ती फांदी कापून टाकतात. बिचारी! तिचं काम झालेलं असतं.

मग शेंड्यांची पाळी. शेंड्यात ऑक्सिन नावाचं रसायन तयार होतं. ते खालच्या कळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा खुडला, की त्या कळ्या जाग्या होतात आणि झाड उंच जायचं सोडून दाट होतं. काळ्या पाइनचे कोवळे कोंब तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापतात. झाड पुन्हा कोंब काढतं, पण थंडी येईपर्यंत त्यांना वाढायला वेळ कमी मिळतो. म्हणून त्यांच्या सुया आखूड राहतात. फळांवर मात्र ही जादू चालत नाही. सफरचंदाच्या बोन्सायची पानं लहान होतात, सफरचंद होत नाही!

शेवटी झाड कुंडीत येतं. दर काही वर्षांनी ते बाहेर काढून मुळं छाटायची, ताजी माती घालायची आणि परत लावायचं.

झाडाचे किती हाल, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. यामाकी कुटुंबाच्या एका पांढऱ्या पाइनला 1625 पासून असं वळण लावलं जात होतं. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो सुमारे तीन किलोमीटरवर, एका भिंतीमागे होता. तो वाचला. 1976 मध्ये जपाननं अमेरिकेला दिलेल्या भेटीतून तो वॉशिंग्टनला गेला. पण त्याची ही कहाणी तिथल्या लोकांना कळली 2001 मध्ये, यामाकी कुटुंबातले नातू त्याला बघायला गेले तेव्हा! हाल झालेलं झाड इतकं जगतं होय?

आपल्याकडे भिंतीच्या फटीत वड-पिंपळाची रोपं उगवतात. तिथे माती मूठभर, म्हणून तीही बरीच वर्षं खुरटी राहतात. असं एखादं रोप मुळांसकट निघालं, तर आधी मोठ्या कुंडीत लावा. कुंडीला खाली भोक हवंच आणि जागा उन्हाची हवी. दिवाणखान्यात बोन्साय मलूल होतं. कात्री मात्र पहिली दोन वर्षं शिवणाच्या डब्यातच राहू द्या.