गुरांच्या पुठ्ठ्यावर डोळे

बोत्सवानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशालगत सिंहांनी गुरे मारली, की चिडलेले पशुपालक सिंहांवर विषप्रयोग करतात किंवा गोळी झाडतात. गुरे आणि सिंह या दोघांचाही जीव वाचवायला संशोधकांनी सिंहाची एक सवय हेरली : तो दबा धरून शिकार करतो आणि सावजाची नजर पडली, तर बहुधा माघार घेतो. म्हणून त्यांनी गुरांच्या पुठ्ठ्यांवर ठसठशीत डोळे रंगवले.

चार वर्षे, १४ कळपांवर हा प्रयोग चालला.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही हिंस्र श्वापदांच्या तावडीत सापडले नाही. तुलनेसाठी फुली रंगवलेल्या ५४३ पैकी ४, तर काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गुरे मारली गेली. रंग मात्र काही आठवड्यांत फिका पडतो. डोळे पुन्हा रंगवावे लागतात.