फुलांची कैफियत

ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद लागला असता दोघांच्या मधोमध एक अग्निस्तंभ प्रकट झाला. त्याचा तळ शोधण्यासाठी विष्णू वराह होऊन खाली गेला आणि शेंडा शोधण्यासाठी ब्रह्मदेव हंस होऊन वर उडाला. विष्णूने परत येऊन आपली हार सरळ कबूल केली. ब्रह्मदेवाने मात्र वरून खाली येत असलेल्या केतकीच्या फुलाला वाटेत गाठले आणि आपण शेंडा पाहिला, अशी साक्ष तिच्याकडून देवविली. साक्ष खोटी ठरली, आणि शंकराने केतकीला आपल्या पूजेत कायमचा मज्जाव फर्मावला. पुढे दया येऊन एवढीच सूट दिली की, माझ्या मस्तकावरच्या छताच्या शोभेत तुला जागा मिळेल. शिवपुराणातल्या या निवाड्याचा अंमल अद्याप चालू आहे. केवडा शंकराला वाहत नाहीत. परंतु भाद्रपदातल्या हरतालिकेला, म्हणजे त्याच शंकराच्या प्राप्तीसाठी पार्वतीने केलेल्या व्रताला, केवड्याचे कणीस बाजारातून मुद्दाम आणले जाते, आणि त्याबद्दल कोणी कोणाकडे जाब मागत नाही.

फुलांविषयीच्या पुराणकथा भाकडकथा म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडील सुशिक्षितांना सवय झाली आहे. पण कोकणातल्या एखाद्या खाडीकाठचे केवड्याचे बन ज्याने जवळून पाहिले असेल, त्याला केतकीवरचा आरोप फारसा अन्यायाचा वाटणार नाही. वास दुरून बोलावतो, जवळ जावे तर पानांच्या कडांचे काटे हात सोलतात, आणि आत नागांचा वास असतो ही लोकसमजूत तर आहेच. शिवाय गंध असतो तो नर झाडाच्या कणसाला, मादीकडे असते ते केवळ अननसासारखे दिसणारे फळ. इतके मोहक आणि इतके बेभरवशाचे फूल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे कथाकाराला सहज सुचले असले पाहिजे. माझे मत असे आहे की, फुलाची जी कथा टिकते, ती त्या फुलाच्या एखाद्या खऱ्या लकबीवर बेतलेली असते.

याचा सर्वोत्तम दाखला पारिजातकाचा. समुद्रमंथनातून निघालेला हा वृक्ष इंद्राच्या नंदनवनात होता, तो श्रीकृष्णाने सत्यभामेच्या हट्टास्तव द्वारकेला आणला, आणि झाड सत्यभामेच्या अंगणात असूनही फुले पडली ती रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा मराठी घरांत कोणाला ठाऊक नाही? सवतीमत्सराची ही कथा रसाळ खरी. पण तिच्यात झाडाचे खरे निरीक्षण एवढेच की, पारिजातकाची फुले झाडावर राहत नाहीत. दुसरी एक कथा आहे, ती याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, आणि तिचा लेखी दाखला आपल्याला सापडतो तो एका पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकात.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ये-जा होती, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. येथील औषधी वनस्पतींविषयी त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातला एक संवाद या ‘दुःखी वृक्षा’विषयी आहे. ओर्ता सांगतो की, येथील लोकांच्या म्हणण्याप्रमाणे पारिजातक नावाच्या एका थोर सरदाराची रूपवती कन्या सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने काही काळाने तिला टाकून दुसरीवर मन बसविले. तेव्हा तिने प्राणत्याग केला, तिच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि त्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणूनच त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. ओर्ताने हेही नमूद केले आहे की, फुलाच्या देठाने केशराप्रमाणे अन्न रंगविता येते. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘दुःखी वृक्ष’ हा अर्थ कायम राहिला. ओर्ता स्वतः १५६८ मध्ये वारला; तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत होता, असे ठरवून १५८० मध्ये धर्मन्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळली. फुलाची चिता लिहून ठेवणाऱ्याच्या अस्थींनाही अखेर अग्नीच मिळाला.

भाद्रपद-आश्विनात पहाटे पारिजातकाखाली जाऊन पाहावे. फूल पालथे पडलेले असते. पांढऱ्या पाकळ्या मातीकडे, केशरी देठ आकाशाकडे. देठ नखावर चोळला तर पिवळा रंग नखाच्या कडेला बराच वेळ राहतो. पाकळ्यांना उन्हाची पहिली तिरीप लागली की घटकाभरात त्या पाणावून मऊ पडतात. ही तीन लक्षणे, म्हणजे रात्रीचे फुलणे, उजाडताना गळणे आणि देठातली ती अग्नीची खूण, त्या कथेत जशीच्या तशी उतरली आहेत. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, या नियमाला पारिजातक हा मान्य अपवाद आहे, तोही याच कारणाने. झाडावरून तोडून वाहायचे म्हटले तर हे फूल देवापर्यंत पोहोचायचेच नाही.

नावाचा महिमा मात्र झाडाहून मोठा ठरतो. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात किंतूर येथे ‘पारिजात’ म्हणून पूजिला जाणारा जो अजस्र वृक्ष आहे, तो वस्तुतः आफ्रिकेतला, ज्याला आपण गोरखचिंच म्हणतो तो. भाविकांना त्याचे काही वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

दरबारी कवींनी रचलेल्या कथांचा प्रकार निराळा. अशोकाला सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय तो फुलत नाही आणि बकुळीला तिच्या मुखातल्या मद्याचा शिडकावा लागतो, असे डोहाळे संस्कृत कवींनी झाडांना लावले. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाला लाथ मारण्याचे काम मालविकेकडे येते आणि राजाच्या प्रेमप्रकरणाला रंग चढतो. नाटकाला हे शोभते. पण ज्याने अशोकाला पाणी घातले, त्याची ही कथा नव्हे. आणि आजच्या बंगल्यांच्या कुंपणाशी अशोक म्हणून जे उंच सरळसोट झाड उभे असते, तो खरा अशोक नव्हेच. त्याला लाथा घालून काही उपयोग नाही.

आता थोडे बाहेरून आलेल्यांविषयी. जुन्या मराठी गावात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, तर उपरी बाहेरून येऊन कसणारा. आपल्या परसबागेतही हेच दोन वर्ग आहेत, पण देवपूजेत उपऱ्यांनी मिरासदारांना केव्हाच मागे टाकले आहे. गुलछडी मेक्सिकोची, गुलबक्षी अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची. ज्याच्या तोरणावाचून दसरा साजरा होत नाही तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा आणि पोर्तुगीज आमदानीनंतर आपल्याकडे रुजलेला. त्याच्याविषयी आपल्या पुराणांत कथा नाही, असणार तरी कशी? त्याला मान मिळाला तो वागणुकीवर. दिवस आखूड होऊ लागले की तो फुलावर येतो, म्हणजे नेमका नवरात्राच्या सुमारास. दोऱ्यात ओवला तरी तो लवकर मान टाकत नाही. आणि गरिबालाही परवडतो. खुद्द मेक्सिकोत मात्र नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखांना मृतांच्या स्मरणाचा सण असतो, तेव्हा रस्त्यापासून घरातल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, कारण या रंगावरून आणि वासावरून पितरांना घर सापडते, अशी तेथील श्रद्धा आहे. एकाच ऋतूत एकच फूल तेथे मृतांना वाट दाखविते आणि येथे शस्त्रांना, अवजारांना व दारांना मंगल करते.

देवळाच्या पायरीशी वाकडातिकडा उभा असलेला पांढरा चाफाही अमेरिकेतलाच. आपला मिरासदार तो सोनचाफा. पांढऱ्या चाफ्याची मोडलेली फांदी नुसती पडून राहिली तरी फुलते आणि रोवली तर रुजते. मलायात त्याला कबरस्तानाचे झाड मानतात, बालीत त्याची फुले देवाला वाहतात. मरण आणि देव या दोहोंच्या सान्निध्यात ज्याला जागा मिळाली, त्या झाडाची न मरण्याची ही खोड सगळीकडच्या लोकांच्या लक्षात आली असावी.

पुरुषांच्या पोथ्यांनी ज्याची दखल घेतली नाही, ते बायकांनी सांभाळले. तेरडा हे त्याचे उदाहरण. कोकणात पुष्कळ ठिकाणी गौर म्हणजे मुळांसकट उपटून आणलेली तेरड्याची रोपे असतात. त्यांना मुखवटा बसवून साडी नेसवितात, आणि पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन व तिसऱ्या दिवशी विसर्जन होते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण चंचलतेला हिणवण्यासाठी वापरतो. पण माहेरवाशीण गौरीचा मुक्कामही तीनच दिवसांचा असतो. तिला पाठविताना त्याच रोपांच्या पिकलेल्या बोंडांना हात लागला की ती फटकन उकलून बी दूरवर उडते, आणि पुढच्या श्रावणात अंगणाच्या कडेला न पेरताच तेरडा उभा राहतो.

अशा कथा, समजुती आणि विधी गावागावांत निरनिराळे आहेत, आणि ते ज्यांना ठाऊक आहेत त्या आज्या-मावश्या आता थकल्या आहेत. गोव्यातल्या पारिजातकाची कथा आज सन-सालासह सांगता येते, ती एका परक्या वैद्याने विचारपूस करून उतरून घेतली म्हणून. आपल्या गावी कोणते फूल कोणत्या देवाला चालत नाही आणि त्याचे कारण काय सांगतात, हे वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना यंदाच्या श्रावणात विचारावे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांतच, गावाचे व तालुक्याचे नाव घालून, वहीत टिपून ठेवावे.