गावठी ते क्रॉस: लाखनीतल्या कुत्र्यांची चार दशकं

विदर्भातल्या लाखनीत आज कुणाच्या दारी नवं पिल्लू आलं की शेजारी विचारतात, "कोणता क्रॉस आहे?" जर्मन क्रॉस, लॅब क्रॉस, पामेरियन क्रॉस अशी उत्तरंही ठरलेली. चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला सुचला नसता. कुत्रं म्हणजे गावठी, आणि ते विकत घ्यायचं नसे. भाद्रपदात कुत्री माजावर येत, दोनेक महिन्यांनी वीत. तोवर बांध्यांमधला धान कापून पुंजणे लागलेले असत, आणि तणसाच्या उबेला पिल्लं सापडत. त्यातलं धीट पिल्लू पोरं घरी आणत. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपूट. ऊन सोसणारं, रानडुकराची चाहूल माणसाआधी घेणारं.

नव्वदच्या दशकात हवा बदलली. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी घराघरांत पोचला. जातीनं तो इंडियन स्पिट्झ, पण लोकांच्या तोंडी पामेरियनच. 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग आला, मग लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डचा सोस. विदर्भाच्या मे महिन्यात चपट्या नाकाच्या पगला धाप लागायची, केसाळ कुत्री मोरीतल्या ओल्या फरशीवर पडून राहायची. पण फाटकं उघडीच असायची, नि गल्लीतली गावठी मंडळी बाहेर हजर. आजचे क्रॉस बहुतेक या उघड्या फाटकांची देणगी.

अनुभवानं त्यांचे ठोकताळे बसले. पामेरियन क्रॉस अंगानं लहान पण भुंकण्यात कमी नाही. लॅब क्रॉस पोरांत रमतो, मात्र खादाड, म्हणून लवकर सुटतो. जर्मन क्रॉस राखणीला चांगला, पण दिवसभर साखळीला बांधला तर चिडका होतो. गावठी रक्ताचा वाटा जास्त तितका उन्हाचा त्रास कमी.

ठोकताळे मात्र ठोकताळेच. एकाच वितात दोन बापांची पिल्लं असू शकतात. अगदी ठरवून केलेला संकरही हुलकावणी देतो. 1989 साली ऑस्ट्रेलियात वॅली कॉनरन यांनी एका अंध बाईंसाठी लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला, कारण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अॅलर्जी होती. तीन पिल्लांपैकी एकच त्याला चाललं. पुढं 'लॅब्राडूडल'चा बाजार झाला, आणि कॉनरन यांनी स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळं असतो, असा त्याचा निष्कर्ष.

सरकारी कागदालाही हा गुंता सुटला नाही. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 'हिंस्र' जाती आणि त्यांच्या संकरांवर बंदीचं परिपत्रक काढलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. ज्याचा बापच कुणी पाहिला नाही, त्या क्रॉसचं कूळ तपासायचं कसं?

लाखनीसाठी याहून मोठी गोष्ट लशीची आहे. 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं नवेगाव-नागझिरा इथून जवळ, आणि ते रानकुत्र्यांचं घर. डिस्टेंपर पाळीव कुत्र्याकडून त्यांच्यात जाऊ शकतो. रेबीज तर थेट माणसाच्या जिवावर. लस आणि नसबंदी यांत गावठी आणि क्रॉस असा भेद नाही.

चार दशकांत नावं फिरत राहिली, आणि दर वेळी गावठी रक्त त्यांत मिसळत गेलं. म्हणून पिल्लू घेताना कूळ विचारण्यापेक्षा त्याची आई पाहावी. ती माणसाला बुजते की जवळ येते, एवढं कळलं तरी पिल्लाबद्दल पुष्कळ कळतं. बाकीचं आपण त्याला किती फिरवतो नि किती वेळ देतो, यावर ठरतं.