सभेला जायचं, पण कसं? दारू सोडणाऱ्यांच्या गटाविषयी



वळसंगात बोलतोय, म्हणून सुरुवात आपल्या रस्त्यापासूनच करतो. सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा हा रस्ता. 'दारू सुटू दे' म्हणून याच रस्त्याने कितीतरी घरं स्वामींच्या दारी गेली. माळ घातली, शपथ घेतली, गडी चार-सहा महिने खरंच कोरडा राहिला. मग कुणाचं तरी लग्न निघालं, वरात निघाली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी श्रद्धेला नावं ठेवत नाही. पण शपथ माणूस एकटा घेतो, एकदाच घेतो. दारूची ओढ मात्र रोज उठते. तिला रोजची सोबत लागते.

आपल्या जिल्ह्यात २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर जगणाऱ्या घरांना दुसरा रोजगार मिळावा, असा तो प्रयत्न. मोलाचं काम. पण भट्टी विझली म्हणजे पिणाऱ्याची तलफ विझते असं नाही. तिथे मदतगट उपयोगी पडतो.

यातला सगळ्यात जुना गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच एए. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला गेला होता. काम फिसकटलं. त्याची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटलेली. हॉटेलात एकटा, समोर बार. त्याच्या लक्षात आलं की आपल्याला या घडीला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललं पाहिजे. त्याने फोनाफोनी केली, आणि डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनची गाठ पडली. दोघं तासन्‌तास बोलले. आता गंमत बघा, बिल उपदेश करायला गेलाच नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. सगळ्या पद्धतीचं मूळ एवढंच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगणनेही हे सूत्र उचललं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते केंद्र सुरू केलं. तिथे बरे झालेले मित्रच नव्या आलेल्यांना हात देतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

पहिलं, शोध. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक, आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा, टेलि-मानसचा. तिथे विचारा. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. वळसंगच्या माणसाने सोलापुरातली सभा धरावी. फोन करून दिवस आणि वेळ पक्की करा, आणि परतीची एसटी बघूनच निघा. शेवटची गाडी चुकेल या धास्तीने माणूस सभेतून अर्ध्यात उठतो आणि पुढच्या वेळी येतच नाही.

दुसरं, आत काय होतं? फी नाही. सभासद आपापसांत वर्गणी काढतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. पूर्ण नाव, जात, पगार कुणी विचारत नाही. 'दारू सोडायची इच्छा आहे' एवढीच अट. एकेक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तुम्ही पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं. 'खुली' सभा असेल तर घरचेही बसू शकतात. 'बंद' सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, सुमारे साडेदहा हजार लोक, असा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि तिकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरले.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जो सकाळी डोळे उघडल्यापासून पितो, त्याने एकदम बंद करायचं नाही. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, औषध. मग सभा.

(श्रोत्यांतून प्रश्न: गावात कळलं तर?)

चांगला प्रश्न. पण मला सांगा, तो पितो हे गावात कुणाला ठाऊक नाही? पारावर पडलेला सगळ्यांनी पाहिलाय. भीती वेगळीच असते. 'सोडायला निघालाय' हे कळेल, आणि उद्या घसरला तर लोक हसतील, ही ती भीती. सभेत घसरलेल्याला कुणी हसत नाही, कारण तिथले बरेच जण स्वतः घसरून उठलेत. 'परत ये' एवढंच म्हणतात.

(एका ताईंचा प्रश्न: मालक यायलाच तयार नाहीत, मग?)

मग ताई, तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, १९५१ पासून. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत. त्याच्या वतीने मुकादमाला खोटं सांगणं, उधारी फेडणं, हे थांबवायचं बळ मिळतं. त्याची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, आणि ती सोडवण्याचं ओझंही एकट्या तुमच्या डोक्यावर नाही.

जाणाऱ्यांना शेवटचं सांगतो. एका सभेवरून ठरवू नका, चार-पाच करून बघा. आणि जन्मभराचं वचन कुणाला देऊ नका. आज प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या.