‘लाक्सा’ म्हणजे निसरडे की लाख?

ईदच्या सकाळी आजऱ्यातल्या मुस्लिम घरांत शीरखुर्म्याचे पातेले चढते. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर; दोन्ही शब्द फारसी. त्यात पडणारी शेवई मात्र गावातल्या प्रत्येक घराच्या ओळखीची. म्हणूनच ती वाटी शेजारी हक्काने मागून घेतात.

शेवयांचीच अशी एक वाटी मलेशिया, सिंगापूर आणि इंडोनेशियात आहे. तिचे नाव लाक्सा. ती गोड नाही, चांगली झणझणीत. एका प्रकारात नारळाच्या दुधाचा रस्सा असतो. पेनांगच्या ‘असम लाक्सा’त नारळ नसतो, चिंचेचा कोळ आणि बांगड्यासारख्या माशाचा गर असतो. रमजानमध्ये तिथल्या संध्याकाळच्या बाजारांत इफ्तारसाठी लाक्सा विकायला असते. जोहोर प्रांतात ती ईदच्या पाहुण्यांपुढेही येते.

या नावावर मात्र तीन भाषांचा दावा आहे. एका मतानुसार ते फारसी ‘लख्शा’वरून आले. लख्शा म्हणजे शेवया, मूळ अर्थ निसरड्या. उर्दूतला ‘लग़्ज़िश’, म्हणजे पाय घसरणे, त्याच घराण्यातला. दुसरे मत संस्कृत ‘लक्ष’कडे बोट दाखवते: वाटीत लाखभर तंतू, म्हणून लाक्सा. गंमत म्हणजे मलय भाषेत ‘लक्सा’ म्हणजे दहा हजारच. समुद्र ओलांडताना लाखाचे एक शून्य गळाले. तिसरे मत चिनी. ‘ला’ म्हणजे तिखट, ‘शा’ म्हणजे वाळू. रश्शातल्या वाटलेल्या सुक्या कोळंबीचा कण जिभेला तसा लागतो.

अभ्यासकांचे यावर एकमत नाही. पण ज्या तिखटामुळे लाक्सा ओळखली जाते, ती मिरची या तिघांपैकी कुणाचीच नाही. ती अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले. त्यांच्याच व्यापारातून ती दोन्हीकडे पसरली. मिरचीवाचून आज ना लाक्साची कल्पना करता येते, ना कोल्हापुरी तांबड्या रश्श्याची.

आजऱ्याहून आंबोली घाट उतरला की सिंधुदुर्गात तांदळाच्या शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. तांदळाच्या शेवया आणि नारळाचे दूध, लाक्साचा अर्धा संसार तिथेच आहे. फक्त मिरचीच्या जागी गूळ.

पदार्थ मूळचा कुणाचा, हा वाद भाषेच्या वर्गात रंगतो. ईदच्या दिवशी दारात वाटी आली की विचारतात ते एवढेच, ‘अजून थोडा आहे का?’